गॅससोबत मोगरा फुकट

कचरूच्या डोक्यात एकदा किडा शिरला की बायकोने ताट पुढ्यात आदळलं तरी त्याला कळायचं नाही. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात हा किडा होता शरदच्या गारव्याचा. इंदूरच्या सियागंज बाजाराच्या तोंडाशी शरदने गाड्यांचे एसी भरायचं दुकान टाकलं होतं. कचरूचंही दुकान त्याच कामाचं, पण शरदचा भाव त्याच्या निम्म्याहून कमी, काम पंधरा मिनिटांत, आणि गारवा असा की गिऱ्हाईक मे महिन्यात स्वेटरच्या गोष्टी करायचे. वर प्रत्येक गाडीला हिरव्या बुचाची मोगऱ्याच्या अत्तराची बाटली फुकट. आता जो माणूस मुळातच स्वस्तात काम करतो, तो अत्तर फुकट कशाला वाटेल? कचरूला हे कोडं काही सुटेना. गिऱ्हाईक गेल्याचं वाईट वाटत होतंच, नाही कसं. पण खरं सांगायचं तर वाईटापेक्षा त्याला नवलच जास्त वाटत होतं.

हा कचरू मूळचा महूचा. आजोबा फौजेत, वडील छावणीत पाण्याच्या पंपावर. यंत्राची घरघर ऐकत पोर वाढलं, अकरावी झालं आणि इंदूरच्या एका कपड्याच्या मिलमध्ये चिकटलं. तिथे त्याला मिळाली लॅब. सूत किती ताण सोसतं ते या लॅबमध्ये मोजायचे, आणि सुताचे नखरे असे की खोलीतली थंडी आणि ओल बारा महिने एकसारखी लागायची. जरा हवा बदलली की सूत वेगळाच आकडा दाखवणार. शेजारच्या खात्यात माणसं घामाने निथळत मरत होती आणि सुतासाठी मात्र थंड हवेची दोन यंत्रं! मिलचा न्याय तो, आपण काय बोलणार.

त्या यंत्रांवर तीन माणसं. वरती बाळकृष्ण मिस्त्री, त्यांच्या हाताखाली कचरू, आणि कचरूच्या हाताखाली शरद. आठवड्यातून एकदा हवेचे मोठाले पत्र्याचे बोगदे आत शिरून साफ करावे लागायचे. आत कापसाची धूळ ढोपरभर. नाकाला फडकं बांधलं तर गुदमरायला व्हायचं, म्हणून बांधायचं नाही, अशी तिथली रीत. आधी मिस्त्रींचं नाक गेलं, मग कचरूचं, मग शरदचं. गेलं म्हणजे जाग्यावरच होतं, पण वास म्हणून काही कळेना. डाळ करपली तरी पत्ता नाही. चंपाने, म्हणजे कचरूच्या बायकोने, त्याला घरातली गॅसची शेगडी पेटवायची कायमची बंदी करून टाकली. चहा हवा तर मला उठवा, म्हणायची, पण शेगडीला हात लावाल तर बघा.

नाकाचं काम मग मिस्त्रींनी दुसऱ्या दोन गोष्टींवर सोपवलं. एक गाल. थंडी हाताला खोटी लागते, गालाला खरी लागते, असं त्यांचं म्हणणं. दुसरा पितळी दिवा. वीतभर उंचीचा, पोटातून एक रबरी नळी निघालेली. दिवा पेटवायचा आणि नळीचं टोक नळांच्या सांध्यांवरून फिरवायचं. नळी हवा ओढून ज्योतीपर्यंत नेते. थंडीचा गॅस कुठे गळत असला की ती निळी ज्योत झटकन हिरवी होते. ज्याला वास येत नाही त्याला हा दिवा म्हणजे नाकच. मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी मिस्त्रींनी दोघांना एकेक दिवा दिला. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही, म्हणाले, आणि तोंड फिरवून चालायला लागले.

दोन वर्षं फाटकासमोर धरणं झालं, तारखा झाल्या, घोषणांनी घसे बसले. कचरूची लेक प्रीती तेव्हा लहान. धरण्यात तिला खांद्यावर घेऊन बसायचा तो शरद. शेवटी सगळ्यांनाच कळलं की फाटक काही उघडत नाही. आणि नेमक्या त्याच वर्षांत इंदूरच्या रस्त्यांवर काचा चढवलेल्या गाड्या फिरायला लागल्या. कचरूने एका मारुतीचं बोनेट उघडून आत डोकावलं आणि त्याला हसूच आलं. अहो, लॅबचंच यंत्र की, फक्त डब्यात बसवलेलं! त्याने स्नेहलतागंजात पत्र्याच्या शेडखाली दुकान मांडलं, नाव दिलं ‘पंचशील ऑटो एसी’. शरदही सोबत आला.

कचरूचं काम म्हणजे मिलचं काम. आधी गालाला हवा लावणार, मग दिव्याने गळती शोधणार, सांधा दुरुस्त करणार, मग पंप लावून अर्धा तास नळांतली सगळी हवा ओढून काढणार, आणि तेव्हा कुठे गॅसच्या टाकीला हात. गिऱ्हाईक घड्याळ बघून कंटाळायचं. शरद म्हणायचा, भिया, लोकांना गार हवा पाहिजे, तुमची पूजा नाही. अकरा वर्षांनी तो वेगळा झाला. भांडण नाही, तंटा नाही. फक्त सियागंजात पाटी लागली आणि हळूहळू गाड्या तिकडे वळल्या.

त्यातच अरुंधती मॅडमची गाडी वळली, आणि ही गाडी कचरूला परकी नव्हती. अरुंधती मॅडम नाशिकहून नव्या आलेल्या, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायच्या आणि कचरूच्याच गल्लीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायच्या. प्रीती त्याच कॉलेजात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. मॅडम रोज तिला आपल्या पांढऱ्या मारुतीत पुढच्या सीटवर बसवून न्यायच्या आणि आणायच्या. आपली पोर एसीच्या गाडीत बसून कॉलेजला जाते, हे कचरू दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगायचाच. समोरच्याने विचारलेलं नसलं तरी.

एप्रिलअखेरीस मॅडम गाडी शरदकडे भरून आल्या. आल्यावर जरा ओशाळल्या. रागावू नका हं कचरूभाऊ, म्हणाल्या, पण स्पर्धा असली की भाव उतरतात, मी वर्गात हेच तर शिकवते. कचरू कशाचा रागावतोय! त्याने विचारलं, गार किती झालं? आणि लॅबमधला जुना थर्मामीटर आणून गार हवेच्या जाळीला लावला. पारा सहावर उतरला. त्याच्या हातून इतक्या वर्षांत कुठली गाडी नऊच्या खाली गेली नव्हती. त्याने गाल लावला. गाल खरंच बधिर झाला. आरशाला हिरव्या बुचाची बाटली लटकत होती. कचरूने ती नाकाशी धरली, सवयीने, आणि सवयीनेच परत सोडली.

मग त्याला राहवेना. दुसऱ्याच दिवशी तो सियागंजात गेला. शरदने चहा मागवला, घरचं विचारलं, प्रीतीचं विचारलं. पण दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागाला जाड पडदा होता आणि गॅस भरायचा तो पडद्यामागून ओढलेल्या नळीने. कोणता गॅस, असं कचरूने दोनदा विचारलं. बाहेरचा माल आहे, भिया, नया जमाना है, एवढंच उत्तर मिळालं. हवा ओढायचा पंप कोपऱ्यात होता, पण त्याच्यावर बोट फिरवलं तर बोट काळं व्हावं इतकी धूळ. आणि आणखी एक. बाहेर डांबर वितळत होतं आणि शरदने पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणं लावून घातला होता. मिलमध्ये हा माणूस बनियनवर फिरायचा. कचरू एक कोडं घेऊन गेला होता, तीन घेऊन परत आला.

घरी चंपाचं वेगळंच चाललं होतं. प्रीतीचं डोकं दुखायला लागलं होतं. कॉलेजातून आली की पडून राहायची. चंपा म्हणायची ऊन लागतंय, आणि कैरीचं पन्हं पाजायची. प्रीती म्हणायची परीक्षा आहे, म्हणून. कचरूच्या डोक्यात मात्र पारा सहावर कसा उतरला तेच घोळत होतं. बाप म्हणून इथे त्याचा कान उपटायला हवा होता, पण कुणी उपटला नाही.

तीन आठवड्यांत मॅडमच्या गाडीचा गारवा अर्ध्यावर आला. शनिवारी दुपारी कॉलेजातून येताना मॅडमनी गाडी सरळ ‘पंचशील’समोर उभी केली. मला परत सियागंजात जायची इच्छा नाही आणि वेळही नाही, म्हणाल्या, तुम्हीच बघा, आणि रिक्षा करून बँकेच्या कामाला गेल्या. कचरूला तर हर्षच झाला. शरदचं गुपित आता त्याच्या अंगणात येऊन उभं होतं.

गळती आहे हे तर उघड होतं. गाडीतली गळती शोधायची कचरूची एक खास पद्धत होती. यंत्र चालू ठेवायचं, काचा चढवायच्या आणि गाडी दहा मिनिटं तशीच राहू द्यायची. आतल्या नळातून गॅस गळत असला तर तो आत साठतो. मग दार किलकिलं करून जाळीपाशी दिव्याची नळी न्यायची. एवढीशी गळती असली तरी ज्योत हिरवी होऊन सांगते. प्रीती पुढच्या सीटवर वही घेऊन बसली होती. शेडमध्ये उकडून काढत होतं, गाडीत तेवढीच गार हवा.

बसू दे, असं त्याने मनात म्हटलं आणि तिला सांगितलं, “काचा लावून बस. पंखा दोनवर ठेव.”

तोपर्यंत त्याने दिवा पेटवला आणि आधी बोनेटखालचे सांधे बघायला घेतले. एका सांध्यापाशी ज्योत हलली. हिरवी नाही झाली. जराशी उंच झाली, पिवळसर झाली आणि परत बसली. कचरूने नळी परत नेली. परत तेच. चौदा वर्षांत या दिव्याने असं कधी केलं नव्हतं. त्याला भलतीच मजा वाटली. हा आहे तरी कोणता गॅस, जो दिव्याला मोठा करतो पण रंग देत नाही? आत जास्त साठला असेल, तिथे नीट दिसेल, असा विचार करून तो पेटता दिवा डाव्या हातात धरून प्रीतीच्या दारापाशी आला. त्याचा उजवा हात दाराच्या मुठीवर होता.

तेवढ्यात प्रीतीनेच काच दोन बोटं खाली केली. तोंड वाकडं करून ती म्हणाली, “पप्पा, माझं डोकं भणभणतंय. आत तो मोगरा आणि वरून तो वास. मम्मीची टाकी संपायला येते ना, तेव्हा किचनमध्ये येतो तसा.”

रबरी नळीचं टोक त्या फटीपासून हातभर लांब होतं. दिव्याची ज्योत वीतभर उसळली, पिवळीधमक, आणि कचरूच्या मनगटावरचे केस चुरचुरले.

पुढचं त्याने कसं केलं ते त्यालाही सांगता येत नाही. तो उलट्या पावलांनी मागे धावला आणि दिवा शेडच्या टोकाला असलेल्या पाण्याच्या पिंपात बुडवला. मग परत येऊन दार उघडलं आणि प्रीतीला दंडाला धरून बाहेर ओढलं, रस्त्याच्या पलीकडे नेलं. तिची वही गाडीतच राहिली. ती रागावली, लोक बघताहेत म्हणाली. कचरू फुटपाथवर बसून समोरच्या गाडीकडे बघत होता. अख्ख्या इंदुरात स्वैपाकाच्या गॅसचा वास ज्यांना कळत नाही अशी बोटावर मोजण्याइतकी माणसं असतील. त्यातला एक तो गॅस गाड्यांत भरत होता, आणि दुसरा पेटता दिवा घेऊन तो शोधत होता.

गाडीचं इंजिन बंद करून, चारी दारं उघडी टाकून कचरू तसाच भर उन्हात चालत सियागंजात गेला. शरदच्या दुकानासमोर तीन गाड्या उभ्या होत्या. कचरू कुणाशी न बोलता पडद्यामागे गेला. तिथे लाल टाक्या होत्या, घरात असतात त्याच. शरद मागोमाग आला. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

“बाही वर कर,” कचरू म्हणाला.

शरदने बटण सोडलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुलाबी, चकचकीत, ताणलेली. मार्चमध्ये एक गाडी गळती घेऊन परत आली होती. शरदने मिस्त्रींचा दिवा काढला होता, दुसरं काय काढणार होता तो? बोनेट उघडं होतं म्हणून हातावर निभावलं. गाडीवाल्याला त्याने सांगितलं, स्टोव्ह भडकला.

कचरूने विचारलं, तेव्हाच बंद का नाही केलंस? शरदने बाही खाली ओढली.

“करणार होतो, भिया. पण त्या दिवशी बाहेर सात गाड्या उभ्या होत्या,” तो म्हणाला.

मग हळूहळू बाकीचं निघालं. एसीचा खरा गॅस महाग, आणि शिवाय कचरूच्या पद्धतीने करायचं तर दिवसाला चार गाड्या. कुणीतरी सांगितलं की हा भरून बघ, जास्त गार करतो. बघितला तर खरंच करत होता. घरोघरी हाच जळतो, कोण मरतं, असं तो स्वतःला सांगत राहिला. वास येतो अशी दोन-चार गिऱ्हाइकांनी तक्रार केली, तेव्हा त्याने अत्तराच्या बाटल्या आणल्या आणि आधीच्या गाड्यांनाही बोलावून एकेक दिली. त्याला स्वतःला तर काहीच कळत नव्हतं. तो म्हणाला, मला वाटलं, थोडासाच येत असेल.

कचरूला शिव्या द्यायच्या होत्या. रस्ताभर त्याने त्या जुळवत आणल्या होत्या. पण त्याच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडलं.

“प्रीती बसते त्या गाडीत. रोज. पुढच्या सीटवर.”

शरद पडदा सारून बाहेर गेला आणि त्याने तिन्ही गाड्यांना जा म्हणून सांगितलं. एक जण भांडला, नंबर लावला होता म्हणाला. शरदने शटर ओढून घेतलं.

आता खरा घोळ पुढे होता. भरलेल्या गाड्या गावभर फिरत होत्या, काचा लावून, आत बायकापोरं घेऊन, आणि कुणी तरी आत बसून सिगारेटही पेटवत असणार. शरदने कुणाचं नाव लिहून ठेवलं नव्हतं. एकच हिशेब होता, बाटल्यांचा. चार डझन आणल्या होत्या, गाडीला एकच, तीच परत भरायला आली तरी दुसरी नाही, आणि सात उरल्या होत्या. म्हणजे एक्केचाळीस गाड्या. आणि शोधायला निघाले कोण, तर नाकं गेलेले दोघे. बाटली दिसली तर ठीक, पण संपली म्हणून फेकून दिली असेल तर दोघांना काय कळणार? मग प्रीतीला सोबत घेतलं. परीक्षा संपल्यावर ती अख्खी सुट्टी या दोघांबरोबर राजवाड्याला, बाजारांतून, ऑफिसांच्या आवारांतून फिरली. मालकाला विनवायचं, दार उघडायला लावायचं, प्रीती आत डोकं घालून हुंगणार आणि मान हलवणार. लोक वेडे समजायचे. एकाने पोलिसाला बोलावलं. एक शेठ म्हणाले, इतका मस्त गार आहे, कशाला काढता, और तुम हो कौन? त्यांना शरदने भर रस्त्यात बाही वर करून दाखवली. त्यानंतर ती बाही त्याने कधी खाली केली नाही.

सापडली की गाडी मोकळ्या मैदानात न्यायची, आसपास बिडीसुद्धा पेटू द्यायची नाही, आणि गॅस हळूहळू सोडून द्यायचा. मग ‘पंचशील’मध्ये आणून सांधा दुरुस्त, अर्धा तास पंप, आणि खरा गॅस. कामाचा दाम कुणाकडून घेतला नाही. मॅडमची गाडी पहिली झाली. मॅडम अर्धा तास स्टुलावर बसून पंपाची घरघर ऐकत राहिल्या. प्रीती दुसऱ्या दिवशी पुढच्या सीटवर बसली तेव्हा चंपा गाडीत डोकं घालून आधी नाकभर श्वास घेऊन आली. तेव्हापासून ‘पंचशील’ची पद्धतच पडली की कुठल्याही गाडीजवळ दिवा पेटवायच्या आधी चंपाला घरून बोलवायचं. ती येते, हुंगते, हूं म्हणते, आणि मगच काडी ओढली जाते.

जूनअखेरपर्यंत अडतीस गाड्या झाल्या. तीन काही सापडल्या नाहीत. जुलैत प्रीतीचं कॉलेज सुरू झालं. चंपाने स्वच्छ सांगितलं, दुकानात हुंगीन, पण बाजारात लोकांच्या गाड्या हुंगत फिरणार नाही. तरी रविवारी संध्याकाळी कचरू आणि शरद राजवाड्याला जायचेच. काचा लावलेली गाडी थांबली की दोघे दोन बाजूंनी पुढे व्हायचे, आरशाकडे बघायचे आणि हात जोडून विचारायचे, भियाजी, गाडीत कसला वास तर येत नाही ना? माणूस हसायचा, नाही म्हणायचा, आणि काच परत वर करायचा. आणि दोघांना त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून तिथून हलावं लागायचं.